दोन हात रुंद, दीड हात उंच

रोमुलो पासादोरेबरोबर रस्त्यानं चालणं ही शिक्षा आहे, असं त्याची बायको आयदे येईल त्याला सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दहा पावलं सरळ चालला की गडी वळायचा भिंतीकडे. अंगठ्याच्या नखानं भिंत खरवडायची, नखात आलेली पूड चिमटीत चोळायची, नाकाशी न्यायची आणि मग मान मागे टाकून पार घुमटापर्यंत बघत उभं राहायचं. मागून येणारी माणसं आदळत, चार शब्द सुनावून पुढे जात. ह्याला पत्ता नसायचा. "एकोणतीस साल. वाळू नदीपलीकडची," असं काहीतरी पुटपुटून तो पुन्हा चालू लागायचा, ते पुढच्या कोपऱ्यापर्यंत.

"लोकांचे नवरे बायकांकडे बघतात, निदान समजतं तरी," आयदे म्हणायची. "हा बाल्कन्यांकडे बघतो."

ब्यूनस आयर्सच्या बोएदो भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात तो बसलाय असं दृश्य फार थोड्यांनी पाहिलं असेल. कॉफी उभ्यानं. पेपर फेऱ्या मारत. रविवारी लेक-जावई जेवायला येत, आयदे सकाळपासून पास्ता लाटत असे, आणि शेवटचा घास गिळायच्या आत हा माणूस टोपी शोधू लागायचा. "जरा पाय मोकळे करून येतो." पाय मोकळे व्हायला त्याला तीन-चार तास लागत. आयदेनं पहिली काही वर्षं विचारलं, मग भांडून पाहिलं, मग नाद सोडला. पायाला भिंगरी घेऊनच आलाय, तर फिरू दे मेल्याला.

तो गवंडी होता, पण साधा नव्हे. ब्यूनस आयर्सला दगड नाही. शेकडो मैल नुसती सपाट माती आणि चहाच्या रंगाची नदी. पण हौस तर पॅरिससारखं दिसायची. तेव्हा इटलीहून बोटी भरभरून गवंडी आले आणि त्यांनी विटांवर चुना, संगमरवराची भुकटी, वाळू आणि अभ्रक यांचा असा गिलावा चढवला, त्यात दगडाचे सांधे असे कोरले, की कुणीही छातीठोकपणे सांगावं, हा दगडच. या गिलाव्याला रंग लावायचा नसतो. रंग त्याच्या पोटातच असतो. भाजल्या पावाचा, वाळल्या गवताचा, कुठं किंचित राखाडी. आणि सकाळचं ऊन तिरपं आलं की सगळी भिंत बारीक बारीक चमकते. प्रत्येक टोळीचं मिश्रण वेगळं. प्रमाण कुणी कुणाला सांगत नसे, मरतानासुद्धा नाही. त्यामुळे एखादा तुकडा पडला की तिथं नवा जुळवणं हे काम येऱ्यागबाळ्याचं उरलं नव्हतं. पडलेल्या तुकड्याची पूड करायची, चाळायची, वाळू वेगळी, अभ्रक वेगळं, मग नमुन्याच्या वड्या घालायच्या, वाळवायच्या, पुन्हा घालायच्या. रोमुलो हे पन्नास वर्षं करत आला होता. आयदेच्या बाल्कनीत दोरीवर चादरी आणि खाली फळीवर या वड्या, असा त्यांचा संसार.

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि परांची बंद केली. तेव्हापासून तर त्याची घरात नुसती येरझार चालू होती.

शहाण्णव सालच्या ऑक्टोबरात एका सकाळी फोन वाजला. पलीकडे फ्रोइलान होता. काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, इमारतीमागच्या गल्लीत एक कोपऱ्याची पाच मजली इमारत आहे, वर काळ्या पाटीच्या कौलांचा घुमट, दारावर फळांच्या माळा घातलेली कोरीव बाई. त्या इमारतीचा हा रखवालदार. उत्तरेतल्या कोर्रिएन्तेस प्रांताकडचा, सावकाश बोलणारा, मनात काही न ठेवणारा माणूस.

"डॉन रोमुलो, बसलायत का?"

"मी कधी बसतो?"

"मग भिंतीला धरून उभे राहा. तुमच्या वडिलांची इमारत पीच रंगाची होतेय."

ती इमारत एकतीस साली रोमुलोच्या बापानं, एत्तोरे पासादोरेनं, आपल्या टोळीनिशी पुरी केली होती. बापाची बाकीची कामं एकेक करून पडली किंवा रंगाखाली गेली. ही एकच उरली होती. रोमुलोनं फोन ठेवला आणि सपाता घालूनच बाहेर पडला. आयदेनं जिन्यात गाठून बूट हातात दिले.

त्याच संध्याकाळी घरमालकांची सभा होती. अशा सभा इमारतीच्या दालनात भरतात. जो तो आपली खुर्ची घेऊन खाली येतो, कुणी सपातांत, कुणी केसांना जाळी बांधून, आणि आधी अर्धा तास पाण्याच्या टाकीवरून भांडण होतं. टाकीचं भांडण संपल्यावर व्यवस्थापक बेनेगास यांनी घाम पुसत विषय काढला. वरच्या छज्ज्याचा एक तुकडा पडला होता. पालिकेचा कागद आला होता. दर्शनी भाग दुरुस्त करा. एक रंगवाला तयार होता. पडलेल्या जागी सिमेंट भरायचं आणि वरून खालपर्यंत प्लास्टिक पेंट मारायचा. डाग नाही, ठिगळ नाही, सगळं एकरंगी.

"रंगाखाली ओल कोंडते," रोमुलो मागून उभ्यानं बोलला. तिथं त्याला बोलायचा काही हक्क नव्हता. "पाच वर्षांत सगळा गिलावा पापुद्र्यांनी सुटून येईल."

तिसऱ्या मजल्यावरच्या सेन्योरा सुलेमा वळल्या. पियानोच्या निवृत्त शिक्षिका. अडतीस वर्षं त्या इमारतीत राहत होत्या आणि तेवढीच वर्षं सगळ्यांचे ताल चुकलेले दाखवत होत्या. "पाच वर्षांत मीही सुटते, सेन्योर. तोवर मला पीच बघू दे. तुमच्या वडिलांची कला परवा एका माणसाच्या टोपीला चाटून गेली."

लोक हसले. रोमुलोचे कान तापले.

"आणि तुमचं ते जुळवून देणं," त्या पुढे म्हणाल्या, "माझ्या बहिणीच्या इमारतीत केलंय एकानं. कातडीचा रोग झाल्यासारखी दिसते भिंत. त्यापेक्षा रंग बरा."

"तो गवंडी नसेल, न्हावी असेल."

"आणि तुम्ही?"

"मी करतो ते दिसत नाही."

हे तो फुशारकीनं नाही, नुसतं घड्याळातली वेळ सांगावी तसं म्हणाला. बेनेगासना भांडण नको होतं, घरी जायचं होतं. त्यांनी तोडगा काढला. दाराशेजारी, माणसाच्या उंचीवर, ओलीनं गिलाव्याला पोकळी आली होती. दोन हात रुंद, दीड हात उंच. तेवढा भाग पासादोरेंनी करावा. येत्या नव्हे, त्यापुढच्या रविवारी अकरा वाजता सगळे जण बघतील. ठिगळ कुठं आहे हे कुणाला दाखवता आलं नाही, तर रंग रद्द आणि सगळी इमारत याच पद्धतीनं. दाखवता आलं, तर रंग.

"दहा दिवस?" रोमुलो म्हणाला. "मला महिना लागतो."

"पालिकेला लागत नाही," बेनेगास म्हणाले.

आता हवेचं सांगायला हवं. त्या आठवड्यात उत्तरेचा वारा धरून बसला. हा वारा सुटला की शहर ओलसर होतं. जिन्याचा संगमरवर घाम सोडतो, मीठ बरणीत गोळा होतं, माणसं एकमेकांवर कारण नसताना खेकसतात. रोमुलोनं पोकळ गिलावा फोडला, बापाच्या मिश्रणाची पूड केली, चाळली, बोटांनी तपासली. बाल्कनीत बारा वड्या घातल्या. त्या वाळेनात. त्यानं त्या आत आणल्या, ओव्हनच्या दारात ठेवल्या, पुन्हा बाहेर नेल्या. आयदेनं त्या दिवसांत त्याला तीनदा विचारलं, जेवलास का. तीनदा त्याला आठवेना.

"घाई करू नकोस, म्हाताऱ्या."

"घाई मी नाही करत, तारीख करतेय."

बुधवारी वड्या घेऊन तो इमारतीपाशी गेला, एकेक भिंतीला लावून पाहिली, आणि सातवी बरोबर बसली. इतकी बरोबर की त्याच्या अंगावर काटा आला. गुरुवारी त्यानं गिलावा चढवला, तो अर्धवट आवळल्यावर करवतीच्या पात्यापासून स्वतः घडवलेल्या फणीनं विंचरला, सांधा कोरला. नवा गिलावा वाळताना किती उजळेल याचा हिशेब त्यानं बोटांत धरला होता, तो चुकला नव्हता. फ्रोइलान झाडू टेकून बघत राहिला. "मढवलीत भिंत," तो म्हणाला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ठिगळ भिंतीत असं मिसळलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगूनही दिसेना.

शनिवारी दुपारी पांपेरो आला.

दक्षिणेकडून मैदान ओलांडून येतो हा वारा, थंड, कोरडा, झटक्यासरशी. पंधरा मिनिटांत आभाळ धुतल्यासारखं निळं झालं. खिडक्या आपटल्या, कुणाची चादर एका घुमटाच्या टोकाला जाऊन अडकली. सगळं शहर खूश झालं. आणि आयदेच्या बाल्कनीत उभा असलेला रोमुलो फणी उचलून जिन्याकडे धावला.

आठवडाभर जुनी भिंतसुद्धा ओल पिऊन बसली होती. तिचा जो रंग बघून त्यानं सातवी वडी निवडली, तो तिचा रंगच नव्हता. मदतनिसांना त्यानं आयुष्यभर हेच बजावलं होतं, दमट हवेत नमुना निवडायचा नाही, मरण आलं तरी नाही. आणि स्वतः सत्तर वर्षांच्या घोड्यानं, बापाच्या भिंतीवर, नेमकं तेच केलं होतं.

तो पोचला तेव्हा भिंत उजळायला लागली होती. भाजल्या पावाचा तो रंग वरून खाली उतरत होता, अभ्रक चमकत होतं, घुमटाखालच्या माळा, बाल्कन्यांचे टेकू, सगळं जिवंत होत होतं. फक्त दाराशेजारी दोन हात रुंद नि दीड हात उंच जागा काळपट राहिली होती. टेबलक्लॉथवर चहा सांडावा तशी.

फ्रोइलान पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "ओली असताना कळत नाही, नाही का?"

"ओल्या भिंतीत सगळंच लपतं."

"मी रोज सकाळी फुटपाथ धुतो," फ्रोइलान म्हणाला. "सगळेच रखवालदार धुतात. उद्या जरा उशिरा धुईन, साडेदहाला. पाइप कधी कधी हातातून निसटतो. माणूसच आहे मी."

रोमुलो त्याच्याकडे बघत राहिला. हो म्हणाला नाही. पण नाहीही म्हणाला नाही. हातातली फणी खिशात कोंबली आणि बस पकडून घरी आला. त्या रात्री आयदेला झोप लागली नाही, कारण स्वयंपाकघर ते बाल्कनी, बाल्कनी ते स्वयंपाकघर, पावलं थांबलीच नाहीत.

रविवारी ती त्याच्याबरोबर निघाली. रक्तदाबाची गोळी पर्समध्ये आणि तोंडात एकच वाक्य, "तुला एकट्याला सोडत नाही." अकराला पाच कमी असताना ते कोपऱ्यावर वळले. फुटपाथवरून पाणी गटाराकडे धावत होतं. आणि भिंत, दारापासून दोन्ही बाजूंना, पहिल्या मजल्याच्या बाल्कनीपर्यंत, चिंब ओली होती. एकसारखी. गडद. फ्रोइलान पाइप गुंडाळत होता आणि कुणाच्याही डोळ्याला डोळा देत नव्हता.

चौदापैकी बारा घरमालक आले होते. ते भिंतीसमोर येऊन वाकले, मागे गेले, पुन्हा वाकले. कुणी डावीकडे बोट दाखवलं, कुणी उजवीकडे. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघांची पैज लागली आणि दोघंही हरले. सेन्योरा सुलेमांनी चष्मा लावला, बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत दारापासून कोपऱ्यापर्यंत गेल्या नि परत आल्या.

"हरले मी," त्या म्हणाल्या. "सेन्योर पासादोरे, माझे शब्द मी मागे घेते. हे मी सहसा करत नाही."

टाळ्या पडल्या. बेनेगासनी सभेची वही उघडली.

आयदे नवऱ्याच्या कानाशी आली. "भिंत ओली आहे."

"दिसतंय मला."

"मग बोल की."

"तू बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? मी काय गवंडी आहे?"

रोमुलोनं समोर पाहिलं. वर चार मजले उन्हात झगमगत होते. त्यानं एक शब्द न बोलणं, बस, आणि ती सगळी वाचणार होती. बापाची एकुलती एक उरलेली भिंत. बेनेगासचं पेन कागदाला टेकलं होतं. आणि रोमुलोला लाज वाटली. ही भिंत बघणारे हे बारा जण जे बघत होते ते त्याचं काम नव्हतंच, फ्रोइलानचं पाणी होतं.

"थांबा," तो म्हणाला. "आधी वाळू द्या."

"म्हणजे?" बेनेगास म्हणाले.

"ओल्या भिंतीवर पारख होत नाही. ऊन आहे, वारा आहे. तासाभरात वाळेल. मग बघा."

फ्रोइलाननं कपाळाला हात लावला.

लोकांना काय, रविवार होता. खुर्च्या बाहेर आल्या, समोरच्या फुटपाथवर ओळीनं मांडल्या गेल्या. कुणी 'माते' या कडू पाल्याच्या चहाचं भांडं आणलं आणि ते एका नळीनं हातोहात फिरू लागलं, कुणी बेकरीतून चंद्रकोरीसारखे गोड पाव आणले. वाळणाऱ्या भिंतीकडे बघत बसलेली ती बारा माणसं पाहून बसचा ड्रायव्हरसुद्धा ओरडून गेला, "काय लागलंय आज?" रोमुलो बसला नाही. फुटपाथच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत राहिला. आयदेनं गोळी दिली, ती त्यानं पाण्याशिवाय गिळली.

भिंत वरून वाळू लागली. पहिल्यांदा सेन्योरा सुलेमाच ओरडल्या, "तो बघा! घंटीच्या बटणाखाली! सापडला!"

खरंच, बटणाखाली तळहाताएवढी जागा मागे रेंगाळली होती, ओली, गडद, स्पष्ट कडांची.

"तो नव्हे," दुसऱ्या मजल्यावरचा म्हणाला. "तो कोपऱ्यात आहे, तो मोठा."

"आणि खिडकीखाली?"

"अरे, दाराच्या कमानीतही आहे की!"

भिंत वाळत गेली तसतसे असे डाग एकामागून एक वर येऊ लागले. जुना गिलावा पाणी लवकर सोडतो, नंतरचा जरा उशिरा, तेवढाच काय तो फरक. लांबट, चौकोनी, एक अगदी दारावरच्या बाईच्या नाकावर. लोक खुर्च्यांवरून उठले. आयदे मोजत होती. अकरा.

"हे सगळं काय आहे?" सेन्योरा सुलेमांनी विचारलं.

रोमुलो फेऱ्या मारायचा थांबला. चोरी पकडल्यासारखा उभा राहिला. "दुरुस्त्या आहेत."

"कुणी केल्या?"

"मी."

"कधी? कुणी सांगितल्या?"

"कुणी नाही. जिथं सुटलं दिसेल तिथं. शिडीनं हात पोचेल तेवढंच. पूर्वीचा रखवालदार शिडी द्यायचा, मग फ्रोइलान. रविवारी दुपारी गल्लीत कुणी नसतं." त्यानं बोट दाखवलं. "ते घंटीखालचं एकाहत्तरचं. कमानीतलं त्रेसष्टचं. नाक मी दोनदा केलंय."

"एकाहत्तरपासून मी तिथं टेकून रोज किल्ली शोधते," सेन्योरा सुलेमा हळूच म्हणाल्या. "रोज."

आयदे भिंतीकडे बघत होती आणि तिला एकेक रविवार आठवत होता, गार झालेली ताटं, रिकामी खुर्ची, जावयापुढे सांभाळून घेतलेलं. पस्तीस वर्षं तिच्या मनात जे काय काय येऊन गेलं होतं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आता तिला त्याला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या, आणि त्याचा हात धरावासाही वाटला.

"सांगायला तोंड नव्हतं तुला?" ती म्हणाली.

"तू म्हणाली असतीस, रविवारीसुद्धा भिंतीच?"

"म्हणालेच असते!"

ऊन चढलं. अकरा डाग कडांपासून आक्रसू लागले. घंटीखालचा गेला. खिडकीखालचा गेला. नाकावरचा शेवटपर्यंत रेंगाळला आणि तोही गेला. भिंत पुन्हा एकसंध झाली, भाजल्या पावाची, चमकती. आणि दाराशेजारी, दोन हात रुंद, दीड हात उंच, नवं ठिगळ राहिलं ते राहिलंच. आता आंधळ्यालाही दिसलं असतं.

"ते माझं चुकलं," रोमुलो म्हणाला. "दमट हवेत निवडलं."

कुणी हसलं नाही. पण अट ती अट, आणि वहीत ठराव चढायला मतं लागतात. बेनेगासनी मान खाली घालूनच विचारलं, रंगाच्या बाजूनं कोण? सहा हात वर झाले. सेन्योरा सुलेमांनी आपले दोन्ही हात मांडीवर दाबून धरले होते. सहा विरुद्ध सहा. मग बेनेगासनी खिशातून दोन घड्या घातलेले कागद काढले. न आलेल्या दोघांनी मत लिहून पाठवलं होतं, दोघांचंही रंगाला. त्यांनी भिंत ना ओली पाहिली होती ना कोरडी. आठ विरुद्ध सहा. रंगवाला येत्या नव्हे, त्यापुढच्या गुरुवारी येणार होता.

आयदेला वाटलं, आता हा अंथरूण धरणार. सोमवारी पहाटे तिला जाग आली ती खलबत्त्याच्या आवाजानं. तो स्वयंपाकघरात उभा राहून बापाच्या गिलाव्याचा उरलेला तुकडा कुटत होता.

"आता कशाला?"

"चुकलंय ते."

"अरे, दहा दिवसांनी त्यावर पीच चढणार आहे."

"माहीत आहे."

"मग कुणाला दिसणार आहे?"

"कुणाला नाही," तो म्हणाला, आणि कुटत राहिला.

आयदेनं केस बांधले, चाळण खाली काढली आणि ती टेबलाशी त्याच्यासमोर बसली. पांपेरोनंतर येतात तसे कोरडे, लख्ख दिवस लागून आले होते. सात वड्या झाल्या. बुधवारी दोघं बसनं गेली, फ्रोइलाननं काही न विचारता शिडी काढली, रोमुलोनं आपलंच ठिगळ छिन्नीनं फोडून टाकलं. मग आयदेनं एकेक वडी भिंतीला लावून धरली. तो मागे रस्त्यात जाऊन बघे, पुढे येई, पुन्हा मागे जाई. चौथी की पाचवी, त्याचं ठरेना.

"चौथी," आयदे म्हणाली.

"तुला काय कळतं?"

"पंचेचाळीस वर्षं चादरींबरोबर वाळवतेय तुझ्या वड्या. चौथी."

चौथी होती. त्याच मिश्रणाचा गिलावा त्यानं त्याच दिवशी चढवला.

त्यानंतर आठ दिवस तो तिकडे फिरकला नाही. फिरकलो तर हात लावीन, म्हणाला. घरात मात्र त्यानं आयदेला वेड लागायची पाळी आणली. दर तासाला बाल्कनीत जाऊन वारा कुठला आहे ते बघायचा. रविवारी पास्ता खाऊन तो टोपी न शोधता बसून राहिला, तर जावयानंच विचारलं, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

गुरुवारी सकाळी दोघं गेली तेव्हा रंगवाल्याची माणसं वरून दोर सोडत होती. फुटपाथवर पीच रंगाच्या बादल्या ओळीनं मांडल्या होत्या. सेन्योरा सुलेमा तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत पाठ करून झाडांना पाणी घालत होत्या. वर ऊन आलं होतं, भिंत खालपासून घुमटापर्यंत चमकत होती.

वर्तमानपत्राची टोपी घातलेला रंगाऱ्यांचा मुकादम ब्रश घेऊन दाराशेजारी आला, इकडून तिकडे बघितलं, वाकून बघितलं, मागे सरकून बघितलं. मग फ्रोइलानकडे वळला.

"मला सांगितलं होतं, दाराजवळ मोठा काळा डाग आहे, त्याला आधी अस्तर मार. कुठंय?"

फ्रोइलाननं खांदे उडवले. त्यालाही आता सांगता येत नव्हतं. आयदे पुढे झाली, तळहात भिंतीवर फिरवला, सांधा चाचपला, आणि तिचा हात थांबला नाही.

"अहो आजोबा," मुकादम रोमुलोकडे वळला, "तुम्हीच केलं होतं ना ते? दाखवा की कुठंय."

रोमुलो भिंतीजवळ गेला. अंगठ्याचं नख ओढलं, पूड चिमटीत चोळली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते, ते त्यानं पुसले नाहीत.

"नाही सांगता येत," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.